मामांची पद्मिनी आणि रंगाखालचा गंज

जुनी मोटार दुरुस्त करणे हा पैसेवाल्यांचा शौक, असे आपण समजतो. मीही तसेच समजत होतो. पोस्टात नोकरी केली, आयुष्यभर शिक्के मारले आणि रजिस्टरे लिहिली. पाना हातात धरला तो घरच्या नळाचा वॉशर बदलण्यापुरता. अशा माणसाने निवृत्तीनंतर एक गंजलेली मोटार दारात आणून उभी केली आणि जवळजवळ तीन वर्षे तिच्याशी झटापट केली. त्यात काय साधले, काय फसले आणि किती पैसे पाण्यात गेले ते सांगण्यासाठी हा लेख. पाण्यात गेलेल्या पैशांची हकीकत जरा लक्षपूर्वक वाचावी, कारण तीच जास्त उपयोगाची आहे.

गाडी माझी नव्हे, माझ्या कालकथित मामांची. मामा १९६९ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बॉडी शॉपला लागले. पत्र्याला पत्रा जोडायचे काम. बदलापूरहून पहाटेची लोकल, हातात डबा, आणि संध्याकाळी अंगाला लोखंडाचा वास. असे तीस वर्षे चालले. त्यांच्या हाताखालून किती गाड्या गेल्या याचा त्यांनाही हिशोब नव्हता, पण स्वतः मात्र ते लोकलनेच जायचे. १९९४ साली त्यांनी एका डॉक्टरांकडून आठ वर्षे वापरलेली प्रीमियर पद्मिनी घेतली. रंग पांढरट, नंबर जुन्या तीन अक्षरी पद्धतीचा. आमच्या साऱ्या नात्यागोत्यात ती पहिली मोटार. वस्तीतल्या दोन बाळंतिणी त्या गाडीतून रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचल्या. माझ्या लग्नाची वरात तिच्यातून निघाली नाही एवढेच, कारण माझे लग्न आधीच झाले होते!

गाडी कोणती होती?

तरुण वाचकांनी पद्मिनी पाहिली असेल ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. तिचे मूळ इटलीत. फियाट कंपनीने १९५३ साली ११०० नावाची नवी गाडी काढली. इकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग फियाटशी करार झाला. १९६४ साली ‘११०० डिलाइट’ आली, आणि १९७४ पासून तीच गाडी चित्तोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. गियरचा दांडा खाली नाही, तर स्टिअरिंगच्या खांबाला. पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघे सहज बसत आणि आमच्याकडे चौघे बसत.

परमिट-परवान्याच्या काळात पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले. नवे शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सीच्या धंद्यातून कायमची गेली. वर्तमानपत्रांतून तेव्हा पुष्कळ हळहळ छापून आली. मला मात्र त्या मरणाऱ्या टॅक्सींचाच आधार झाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सामानाची जी रांग आहे तिथे मला दरवाजाची हँडले, काचा, ब्रेकचे ड्रम मिळाले ते अशाच भंगारात गेलेल्या टॅक्सींचे.

दोन पूर आणि एक मागणी

मामांची गाडी गंजली ती नुसत्या वयाने नव्हे. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. मामा तेव्हा हयात होते. त्यांनी आतले सगळे अंथरूण उपटून काढले, गोड्या पाण्याने पेट्या धुतल्या, चारही दारे उघडी टाकून पंधरा दिवस वाळवले आणि वापरलेले इंजिन ऑइल पिचकारीने दाराखालच्या भोकांतून आत मारले. शेजारी हसत होते. मामा म्हणाले, “रंग बाहेरून मारतात रे. आत कोण बघतं? गाडी आतून मरते.” मी तेव्हा तिथे उभा होतो. ऐकले आणि विसरलो.

२००९ साली मामा गेले. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, त्याच वेळी उल्हासचे पाणी पुन्हा गाडीत आले. या वेळी धुवायला कोणी नव्हते. गाळ आत शिरला तो तसाच राहिला.

२०२२ च्या मार्चमध्ये मामीकडे भंगारवाला आला. त्याने वजनावर भाव सांगितला. मामीने मला बोलावून घेतले. “भंगारात द्यायला मन होत नाही. तूच घेऊन जा. पण चालू झाली तर एकदा मला तिच्यात बसव आणि त्यांच्या कंपनीपर्यंत ने.” एवढीच मागणी. मी हो म्हणून बसलो.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी विचारले, “अहो, पावसाळ्याच्या आत छपराचे पत्रे बदलायचे ठरले होते ना?” ठरले होते. ग्रॅच्युइटीतली रक्कम त्यासाठीच बाजूला ठेवली होती. शेवटी तडजोड झाली. गाडीवर ऐंशी हजारांपेक्षा एक रुपया जास्त घालायचा नाही आणि पैन्‌पैचा हिशोब वहीत लिहायचा. वही त्या ठेवणार, मी नाही. अंबरनाथच्या आमच्या बैठ्या घरापुढे थोडी मोकळी जागा आहे. तिथे क्रेनने गाडी आणून उतरवली तेव्हा तिच्यातून एक मांजर बाहेर पडले.

पहिली हौस आणि पहिली चूक

इंजिन जाम होते. कुर्ल्याचे एक म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांनी उपाय सांगितला तो साधा निघाला. चारही प्लग काढले, भोकांतून थोडे थोडे पातळ तेल सोडले आणि आठ दिवस गाडीला हात लावला नाही. नंतर चौथा गियर टाकून दोघांनी गाडी मागे-पुढे हलवायची. ढकलायची नाही, झोपाळ्यासारखी हलवायची. तिसऱ्या दिवशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि इंजिन फिरले. जोर करून स्टार्टर मारला असता तर आतले काहीतरी मोडले असते, असे उस्ताद म्हणाले. कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, नवी बॅटरी लावली, बाटलीतून पेट्रोल दिले आणि मे महिन्यात इंजिन सुरू झाले. गल्लीतली सगळी पोरे जमा झाली. मी स्वतःला मोठा इंजिनियर समजू लागलो.

इथेच घसरलो. इंजिन चालू झाले म्हणजे गाडी झाली, असे मला वाटले. राहिला तो रंग. एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष निम्मा माझा. त्याने विचारले, “खालचा पत्रा कापून नवा टाकायचा की लांबी भरून रंग मारू?” मी विचारले, स्वस्त काय? अठ्ठावीस हजारांत २०२२ च्या दिवाळीला गाडी अशी चमकली की मामीला फोटो पाठवला. मामीने तो शेजारणींना दाखवला. कागदपत्रे पुरी झाली नव्हती म्हणून फेरी लांबली. ते बरे झाले, हे नंतर कळले.

२०२३ चा पावसाळा आला. ऑगस्टमध्ये डाव्या दाराखाली रंगाला फोड आले, तांदळाच्या दाण्याएवढे. पुसले, पॉलिश मारले. आठ दिवसांनी ते रुपयाएवढे झाले. आमच्या धाकटीने त्याच वर्षी आयटीआयचा वेल्डर ट्रेड पुरा केला होता. तिने खाली वाकून बघितले, बोटाने दाबले, आणि म्हणाली, “पप्पा, स्क्रू ड्रायव्हर द्या.” दिला. तिने टोक लावले आणि जरासा जोर दिला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा भोकातून काळी ओली माती सांडली. नदीचा गाळ. चार वर्षे तो आत बसून पाणी धरून होता.

पत्रा नव्हे, गाडीचा कणा

ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली जाड लोखंडी चौकट असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या लांब पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर हे सगळे मिळून गाडीचे बळ होते. म्हणून दाराखालची पेटी गंजणे म्हणजे मडगार्ड गंजण्यासारखे नाही. मडगार्डला भोक पडले तर चिखल उडेल. पेटी गेली तर धडक बसल्यावर गाडी मधूनच घडी घालील, आणि आत बसलेली माणसे त्या घडीत सापडतील. मी मामीला अशा गाडीत बसवायला निघालो होतो.

गंजाचा स्वभावही समजून घ्यावा. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात मीठ असले तर तो भराभर पसरतो, म्हणून समुद्राजवळच्या गावात गाडी लवकर सडते. गंजलेले लोखंड फुगते, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते. म्हणूनच रंगाला फोड येतो. बाहेर फोड दिसला याचा अर्थ आतून पत्रा संपत आला. त्या काळच्या जगभरच्या गाड्यांत पोकळ पेट्यांच्या आत रंग नीट पोहोचत नसे. पेट्यांना पाणी निचरण्यासाठी खाली भोके असतात, ती पाल्यापाचोळ्याने बुजली की आत डबके साचते. आणि लांबी म्हणजे काय? भिंतीचा गिलावा. तिच्यात ताकद नाही, उलट ती ओल पिते आणि धरून ठेवते. माझे अठ्ठावीस हजार त्या गिलाव्यात गेले.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक परीक्षा जरूर करावी. दार लावून त्याच्या कडेची फट बघावी. मग चाकाजवळ जॅक लावून ती बाजू उचलावी आणि फट पुन्हा बघावी. फट कमी-जास्त झाली किंवा दार अडकू लागले, तर गाडीचा कणा गेला आहे. रंग कितीही चकचकीत असो, तिथून निघावे. एक लोहचुंबकही खिशात ठेवावा. फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवला की जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. दहा रुपयांचा चुंबक मला अठ्ठावीस हजारांनंतर सुचला.

लेकीची शाळा

पुढचे काम मुलीने केले आणि मी तिचा हेल्पर झालो. हे लिहिताना मला संकोच नाही. ती आधी म्हणाली, “दोन्ही पेट्या एकदम कापायच्या नाहीत, गाडी केळ्यासारखी वाकेल.” म्हणून दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून गाडी जशीच्या तशी घट्ट धरली. मग एकेक बाजू घेतली. सडका पत्रा कापत कापत चांगले, चमकणारे लोखंड लागेपर्यंत मागे जायचे. मला वाटले वीतभर निघेल. डाव्या बाजूची अख्खी पेटी आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पाट गेला.

शेजारच्या ग्रील-गेटच्या वर्कशॉपवाल्या भाऊंनी रविवारी त्यांचे मिग वेल्डिंगचे मशीन भाड्याने दिले. साध्या कांडीच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोक पडते. पेटीसाठी १८ गेजचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचे साचे कापून त्यावरून आखला आणि भाऊंच्या बेंडिंग मशीनवर वाकवला. वेल्डिंग सलग ओढायचे नाही. इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा, मग मध्ये तिसरा. सलग ओढले तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा होतो. तिचे पहिले टाके सच्छिद्र निघाले. तिने ग्राइंडर घेतला आणि स्वतःचेच काम कापून टाकले. मी म्हणालो, राहू दे, वरून रंग येणारच आहे. तिने माझ्याकडे नुसते बघितले.

पेटी बंद करण्याआधी आतून जस्ताचा प्रायमर लावला. बंद झाल्यावर भोकांतून पातळ मेण-तेल सोडले, म्हणजे मामांचीच पिचकारी. खालची निचऱ्याची भोके मोकळी आहेत हे तारेने तपासले. रेड ऑक्साईडबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे खिडकीच्या गजाला तो लावून लोक निश्चिंत होतात. प्रायमर हा ओल पूर्णपणे अडवीत नाही, त्यावर रंगाचा हात हवाच. मी बोनेटचा आतला भाग रेड ऑक्साईड लावून पूर्ण पावसाळा तसाच ठेवला, आणि तो पुन्हा खरवडावा लागला.

लहान सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, पट्ट्या, नट-बोल्ट, यांचा गंज मळीने काढला. उसाची मळी पशुखाद्याच्या दुकानात मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, निळ्या ड्रममध्ये भाग बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जायचे. बाहेर काढून पाण्याने धुतले की खाली कोरे करडे लोखंड. लगेच पुसून वाळवून तेल किंवा प्रायमर लावावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते. मात्र वास असा सुटतो की शेजारच्या आजी दोनदा भांडायला आल्या. दुसरे म्हणजे अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत. मी कार्बोरेटरचे झाकण टाकले. तीन आठवड्यांनी ते उंदराने कुरतडल्यासारखे बाहेर आले. ऑपेरा हाऊसला तीन दुकाने पालथी घातली तेव्हा दुसरे मिळाले.

जिवाच्या गोष्टी

घरी काम करणाऱ्यांनी काही बाबतीत काटकसर करू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आम्ही लाकडाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर गाडी टेकवत असू, आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय मुलगी मला खाली जाऊ देत नसे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, तिच्यावर घरी वेल्डिंग म्हणजे बॉम्बच. आमची टाकी गळत होती, ती सरळ बदलली. वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढून ठेवावी. जुन्या रंगात शिसे असते, ते कोरडे घासले की धूळ उडते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून पाण्याचा पेपर वापरून ओलेच घासावे आणि पोरांना लांब ठेवावे. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून फुंकर मारायची मेकॅनिक लोकांची सवय फार वाईट. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

ब्रेकमध्ये जुने काही वाचवायचे नाही, हे मी उस्तादांचे ऐकले. चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी नळ्या, शूज सगळे नवे. स्टेपनीसकट पाचही टायर नवे, कारण जुन्या टायरवर नक्षी शिल्लक असली तरी रबर आतून मेलेले असते. रंगाचा शेवटचा हात मात्र घरी मारला नाही. फवाऱ्याचा धूर छातीला वाईट आणि आमची वस्ती दाट. या वेळचा पेंटर वेगळा होता, आणि त्याने कामाला हात लावण्याआधी स्वतःच चुंबक काढला!

सीटा आमच्या मंडळींनी शिवल्या. त्या घरी ब्लाऊज शिवतात. जुनी खोळ टाका-टाका उसवून तिचाच नमुना केला. रेग्झिनवर पहिल्या दिवशी चार सुया मोडल्या, मग १८ नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा आणला. मला म्हणाल्या, “तुमच्या वेल्डिंगपेक्षा माझी शिवण सरळ आहे.” वेल्डिंग माझे नव्हतेच, पण मी गप्प बसलो.

आता पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मऊ करते. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या त्याला टिकणाऱ्या प्रकारच्या घातल्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साचू देत नाही.

कागद आणि वही

गाडी मामांच्या नावावर, त्यामुळे आधी वारस म्हणून मामीच्या नावावर करावी लागली. त्याचा अर्ज ३१ नंबरच्या फॉर्मवर. नोंदणी २०११ साली संपलेली, तिच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५. गाडी तपासणीत उतरली तर खाजगी मोटारीला पुढची पाच वर्षे मिळतात. दिल्लीकडच्या बंदीच्या बातम्या वाचून पुष्कळांना वाटते की जुनी गाडी आपल्याकडेही आपोआप बाद होते. तसे नाही. २०२५ च्या जानेवारीत आम्ही नूतनीकरणाचे ५,००० रुपये भरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. वर पर्यावरण कर, उशिराचा भुर्दंड, विमा, पीयूसी आणि नवी नंबर प्लेट. पन्नास वर्षे ओलांडलेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी २०२१ पासून मिळते, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आमची १९८६ ची, तिला अजून वेळ आहे.

वहीतला आकडा लपवीत नाही. ऐंशी हजार ठरले होते, झाले दोन लाख सहा हजार. त्यात लांबीवाल्या रंगाचे अठ्ठावीस हजार निव्वळ बुडाले. एवढ्या पैशात धड चालणारी वापरलेली छोटी गाडी आली असती आणि पेट्रोलही कमी खाल्ले असते. छपराचे पत्रे लांबले. २०२३ च्या पावसाळ्यात घरात तीन बादल्या मांडल्या होत्या. “गाडीचं छप्पर गळत नाही, घराचं गळतंय,” हे वाक्य मी त्या वर्षी रोज ऐकले, आणि ते खरे होते. पत्रे २०२४ च्या मे महिन्यात बदलले, गाडीचे काम तोवर बंद ठेवून. कोणी मला विचारले, असे करावे का, तर मी सांगतो की घर गळत असेल तर नको. आणि गाडीशी आपले काही नाते नसेल तरीही नको.

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका रविवारी सकाळी बदलापूरला गेलो. मामी पांढरी साडी नेसून तयार होती. पुढे बस म्हटले तर ऐकेना. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली, नेहमी तिथेच बसायची म्हणून. बसल्यावर रेग्झिनवरून हात फिरवला आणि म्हणाली, “हिचा रंग जुना नव्हता असा.” नव्हताच. दुकानात तसा मिळाला नाही.

कुर्ल्याला प्रीमियर रोड अजून त्याच नावाचा आहे, पण कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या आहेत. मामीला गेट सापडेना. मामांचा डबा द्यायला ती दोन-तीनदा आली होती, तेव्हाची खूण म्हणजे समोरचे चहाचे दुकान. तेही नाही. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला एका इमारतीचा वॉचमन बाहेर आला. साठीच्या पुढचा माणूस. त्याने गाडीकडे बघितले, बोनेटवर थाप मारली आणि हाताने दाखवले, “गेट इथं होतं.” मामी काच खाली करून तिकडे बघत राहिली. मी इंजिन बंद केले.

परतीला मुलुंडच्या पुढे गाडी तापली. रेडिएटरची टोपी ढिली होती. रसवंतीवाल्याकडून बादलीभर पाणी घेतले आणि चौघांनी रस प्यायला. घरी आल्यावर मुलीने खाली वाकून पेटीची भोके बघितली. डाव्या बाजूचे मागचे भोक मातीने बुजायला लागले होते. तिने तार मागितली.